वीस-तीस वर्षांची सिगारेट सोडताना

दिवसाला २० सिगारेटी आणि एका सिगारेटीचे साधारण १० झुरके धरले, तर दिवसाचे २०० आणि वर्षाचे ७३ हजार झुरके होतात. तीस वर्षांत हा आकडा २१ लाखांच्या पुढे जातो. यातल्या प्रत्येक झुरक्यानंतर १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचलेलं असतं. जुनी सिगारेट सोडताना म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी सोडवायच्या असतात: निकोटीनची भूक आणि प्रसंगांना चिकटलेली सवय. भुकेवर औषध आहे. सवयीवर नाही, तिथं दिवसाची घडीच बदलावी लागते.

औषध किंवा कुणाची मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम ३ ते ५ जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. बाकीच्यांना सगळे ‘मनाचा कच्चा’ म्हणून मोकळे होतात. औषध घेऊनही बिनसतं, तेव्हा मात्रा कमी पडलेली असते, औषध चुकीच्या पद्धतीनं घेतलेलं असतं, नाहीतर बरं वाटतंय म्हणून लवकर बंद केलेलं असतं. हे तिन्ही टाळता येतं.

पाकिटावरचा आठवडा

सोडण्याआधीचा एक आठवडा नेहमीसारखंच ओढा, पण लिहून. पाकिटाभोवती कागद गुंडाळा, वर रबरबँड लावा आणि सिगारेट बाहेर काढण्याआधी त्यावर चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, त्या वेळी काय चाललं होतं आणि तलफ १ ते ५ पैकी किती होती. ओढून झाल्यावर लिहिलं तर तलफेचा आकडा खोटा पडतो, कारण तोवर ती भागलेली असते.

आठवडा संपला की कागद शेजारी शेजारी पसरून बघा. १-२ आकड्याच्या सिगारेटी बऱ्याच निघतील: फोन आला म्हणून, कुणी बाहेर निघालं म्हणून, हात रिकामा होता म्हणून. या सवयीच्या. सकाळची पहिली, जेवणानंतरची, लांबलेल्या कामानंतरची यांच्यापुढे ४-५ दिसतील. या भुकेच्या. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे ही यादी टाकून देऊ नका.

आता दोन प्रश्न. उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट पेटते? आणि दिवसाला किती होतात? पहिल्या प्रश्नाला वजन जास्त. रक्तातलं निकोटीन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, म्हणजे रात्रभराच्या झोपेनंतर ते तळाशी आलेलं असतं. उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत ओढावीच लागत असेल, तर शरीराचं अवलंबन भारी आहे असं समजा. ५ मिनिटांत लागत असेल तर फारच भारी. ‘मी दिवसाला आठच ओढतो’ म्हणणारा माणूस पहिली अंथरुणातच पेटवत असेल, तर त्याला हलक्या मात्रेचं औषध पुरणार नाही.

डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत ठरावीक औषधं जास्त वेगानं निकाली काढतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो आणि तीच गोळी अंगात जास्त साठू लागते. क्लोझापिन, ओलान्झापिन (दोन्ही मानसिक आजारावरची) आणि थिओफायलिन (दम्यावरचं) घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना तारीख सांगायलाच हवी. वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा इन्सुलिन चालू असेल तर सोडल्यावर तपासण्या जरा जवळजवळ करून घ्याव्यात. हा बदल धूर थांबल्यानं होतो, निकोटीन थांबल्यानं नाही; त्यामुळे निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावला तरी तो होतोच.

हळूहळू की एकदम?

बहुतेकांचा कल हळूहळूकडे असतो, आणि बहुतेकांचं गाडं तिथंच अडतं. वीसच्या दहा केल्या की माणूस नकळत खोल ओढायला लागतो, धूर छातीत जास्त वेळ धरतो, थोटूक अगदी फिल्टरपर्यंत जाळतो. निकोटीन जवळपास तेवढंच मिळत राहतं. ‘लाइट’ सिगारेटीचीही हीच गत: फिल्टरवरची बारीक भोकं बोटांनी नाहीतर ओठांनी झाकली जातात आणि हलकेपणा तिथंच संपतो. शिवाय उरलेल्या दहा सिगारेटी आधीच्या वीसांपेक्षा प्यारी होऊन बसतात.

२०१६ साली इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर झालेल्या चाचणीत एका गटानं ठरलेल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्यानं दोन आठवड्यांत कमी करत आणून सोडली. औषध आणि सल्ला दोघांनाही होता. चार आठवड्यांनंतर पहिल्या गटातले ४९ टक्के टिकून होते, दुसऱ्यातले ३९ टक्के. तेव्हा जमत असेल तर तारीख ठरवा आणि त्या दिवशी शून्य करा. एकदमची कल्पनाच सहन होत नसेल, तर औषध चालू ठेवून कमी करा: चार आठवड्यांत निम्मी, पुढच्या चारात त्याच्या निम्मी आणि बाराव्या आठवड्याअखेर शून्य. ‘दिवसाला एकच’ हा कायमचा मुक्काम मात्र करू नका. दिवसाला एका सिगारेटीनंही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा उरतो.

तारीख दोन आठवड्यांच्या आतली घ्या. लांबची तारीख पुढं ढकलली जाते. आदल्या संध्याकाळी घर, गाडी, कामाची जागा, जुने कोट, प्रवासाच्या पिशव्या आणि खणांचे मागचे कोपरे तपासा. पाकिटं आधी पाण्यात बुडवा, मग टाका. कोरडं पाकीट कचऱ्यातून परत काढलं जातं. लायटर आणि राखदाण्याही घालवा. ‘आठवण म्हणून एक पाकीट ठेवतो, बघू मनावर ताबा किती आहे’ हा प्रयोग करू नका. घरच्यांना एकच नेमकी विनंती करा: रोज ‘आज किती दिवस झाले?’ असं विचारू नका, आणि पहिले दोन आठवडे माझ्या चिडण्याचा अर्थ लावत बसू नका.

औषधं: इथं घाई करू नका

एका सिगारेटीतून अंगात साधारण १ मिलिग्रॅम निकोटीन जातं. म्हणजे २० ओढणारा रोज २० मिलिग्रॅमच्या आसपास घेतच असतो. २१ मिलिग्रॅमचा पॅच बघून घाबरायचं कारण नाही. व्यसन निकोटीनचं लागतं हे खरं, पण कर्करोग आणि फुप्फुसांची नासाडी ही मुख्यतः जळलेल्या तंबाखूच्या धुराची करणी.

पॅच २४ तासांचा असेल तर ठरलेलं वेळापत्रक असं आहे. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्यानं ६ आठवडे २१ मिलिग्रॅम, मग २ आठवडे १४, मग २ आठवडे ७. दहा किंवा कमी असतील तर ६ आठवडे १४ आणि २ आठवडे ७. १६ तासांच्या पॅचचे आकडे वेगळे असतात, ते त्याच्या खोक्यावर वाचा. दंडाच्या वरच्या भागावर, छातीवर किंवा पाठीवर, कोरड्या, स्वच्छ आणि केस नसलेल्या त्वचेवर लावा. तेल किंवा क्रीम लावलेलं नको. तळव्यानं १० सेकंद दाबा, मग हात धुवा, नाहीतर बोटांवरचं निकोटीन डोळ्यांत जातं. जागा रोज बदला, म्हणजे त्वचा लाल होऊन खाजणार नाही. कापून अर्धा करू नका. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटीन उरतं, म्हणून तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. एमआरआय असेल तर आधी काढा. काही पॅचच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो आणि तो तापू शकतो.

विचित्र स्वप्नं पडू लागली, झोप मोडू लागली, तर पॅच रात्री काढून ठेवा. पण त्याची किंमत सकाळी मोजावी लागते. नवा पॅच लावल्यावर रक्तात पुरेसं निकोटीन चढायला काही तास जातात आणि नेमकी तीच पहिल्या सिगारेटीची वेळ असते. उशाशी निकोटीनचा गम (चघळायची गोळी) ठेवा आणि डोळे उघडताच तो घ्या.

गम आणि पॅच एकत्र घ्यावेत की नाही, हा प्रश्न औषधाच्या दुकानात नेहमी ऐकू येतो. घ्यावेत. पॅच दिवसभराचा पाया धरतो, गम अचानक उसळलेल्या तलफेवर चालतो. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही या जोडीचा पर्याय आहे.

गम मात्र बहुतेक लोक चुकीचा चघळतात आणि मग ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून ठेवून देतात. हा नेहमीच्या च्युइंग गमसारखा चघळायचा नसतो. सावकाश चावा, जिभेला चुरचुर किंवा तिखटपणा जाणवला की थांबा आणि तो गाल व हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवा. चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं साधारण ३० मिनिटं. निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जायला हवं. भराभर चावलं तर ते लाळेतून पोटात जातं, उचकी लागते, घसा जळतो, मळमळतं आणि तलफ होती तिथंच राहते. कॉफी, फळांचा रस किंवा फसफसणारं पेय गमच्या १५ मिनिटं आधीपासून आणि तो तोंडात असताना नको. तोंड आंबट झालं की शोषण घटतं.

उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत ओढणाऱ्यांनी ४ मिलिग्रॅमचा गम घ्यावा, बाकीच्यांनी २ चा. नुसता गम घेत असाल तर तलफेची वाट न पाहता घड्याळावर घ्या: पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर २-४ तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर ४-८ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन-चार गमांवर भागवणारा माणूस प्रत्यक्षात उपाशीच असतो. दात कवळीचे असतील किंवा जबडा दुखत असेल तर लॉझेंज (चोखायची निकोटीनची गोळी) बरी. ती चावायची नाही, गिळायची नाही, तोंडात फिरवत २०-३० मिनिटं विरघळू द्यायची.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक. ते निकोटीनच्याच जागी मेंदूत बसतं, तलफ कमी करतं आणि त्यावर सिगारेट ओढली तर मजा येत नाही. ठरलेल्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करायचं: पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्यापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मळमळ हा नेहमीचा त्रास. पोटभर खाऊन, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घेतलं की तो बराच कमी होतो. रिकाम्या पोटी घेऊन दुसऱ्याच दिवशी औषध सोडणारे कमी नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते. या औषधानं मन बिघडतं अशी भीती बरीच वर्षं होती. २०१६ मध्ये आठ हजारांवर लोकांचा समावेश असलेल्या मोठ्या चाचणीत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) तुलनेत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. तरी मन विलक्षण उदास झालं किंवा वागण्यात बदल जाणवला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

ब्युप्रोपिऑन हा दुसरा पर्याय, पण ज्यांना कधी फिट आली आहे किंवा खाण्याचा विकार आहे त्यांच्यासाठी नाही. लॅबर्नम या झाडातून मिळणारं सिटिसिनही काही देशांत वापरात आहे. त्याचा नेहमीचा कोर्स २५ दिवसांचा असतो आणि पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट बंद करायची असते. गरोदरपणात, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर, किंवा हृदयाचे ठोके गंभीररीत्या अनियमित असतील तर पॅच-गमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

पहिले चार आठवडे

शेवटच्या सिगारेटीनंतर काही तासांतच अस्वस्थपणा सुरू होतो. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, लक्ष न लागणं, भूक, झोप मोडणं आणि विनाकारण उदासी दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तिसऱ्या दिवशी ‘हे असंच कायम राहणार’ असं वाटतं. तो अंदाज चुकतो.

दोन-तीन गोष्टी लोकांना कुणी आधी सांगत नाही. एक, खोकला वाढतो. श्वासनलिकेतले झाडूसारखे बारीक केस धुरानं लुळे पडलेले असतात. ते कामाला लागले की साचलेला कफ वर ढकलतात. ‘सोडल्यापासून छाती बिघडली’ म्हणून पुन्हा पेटवणारे यातच सापडतात. दोन, तोंड येतं आणि पोट साफ होत नाही. निकोटीन आतड्यांना ढोसत असतं, ते थांबल्यावर आतडी सुस्तावतात. पाणी, चालणं आणि जास्त चोथ्याचं खाणं पहिल्या दिवसापासूनच सुरू करा, तक्रार झाल्यावर नाही.

तीन, कॉफी. वर यकृताचं जे सांगितलं तेच कॅफीनला लागू आहे. सिगारेट थांबली की तेवढ्याच कॉफीतलं कॅफीन रक्तात जवळपास दुप्पट राहू शकतं. हात कापतात, छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणूस समजतो की सिगारेट नसल्यामुळे हे होतंय. सोडायच्या दिवसापासून कॉफी निम्मी करा. चहा कडक आणि वारंवार घेत असाल तर तोही.

एक तलफ साधारण ३ ते ५ मिनिटं टिकते. तेवढी मिनिटं कशी काढायची हे आधीच ठरलेलं हवं, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही. जागा बदला: खोलीतून बाहेर पडा, जिना चढून या. पाणी घोट घोट प्या. गाजराचा तुकडा किंवा साखर नसलेला साधा च्युइंग गम तोंडात टाका. भरभर चालायला गेलात तर पाच मिनिटांतही तलफेची धार बोथट होते. नुसतं ‘ओढायची नाही, ओढायची नाही’ म्हणत खुर्चीत बसलात तर डोक्यात सिगारेटच राहते.

आता ती पाकिटावरची यादी काढा. प्रत्येक प्रसंगापुढे बदली काम लिहा, आणि तो प्रसंगही जरा हलवा. सकाळी कॉफीबरोबर ओढत असाल तर आधी अंघोळ, कॉफी नंतर, आणि खुर्ची दुसरी. जेवण झाल्यावर ताटावरून लगेच उठा, दात घासा. फोनवर बोलताना दुसऱ्या हातात पेन. गाडीत ओढत असाल तर गाडी आतून धुऊन घ्या आणि काही दिवस दुसऱ्या रस्त्यानं जा. कामाच्या ठिकाणची सुट्टी अजिबात सोडू नका. तिथंच बरेच जण चुकतात. सिगारेटीच्या निमित्तानं दिवसातून आठ वेळा पाच मिनिटं मिळत होती; सिगारेटबरोबर ती विश्रांतीही गेली तर चिडचिड दुप्पट होते. बाहेर जा, पण ओढणाऱ्यांच्या घोळक्यात नाही.

दारू मात्र पहिला महिनाभर बंदच ठेवलेली बरी. इतर सगळ्या प्रसंगांत निदान डोकं ताळ्यावर असतं.

एखादी ओढलीच तर

एक ओढली म्हणजे सगळं मुसळ केरात, असं मानून पाकीट विकत घेणं ही खरी घसरण. हातातली विझवा, उरलेल्या पाण्यात टाका आणि त्याच दिवसापासून पुढं चालू करा. पॅच काढायची गरज नाही. तो तसाच राहू द्या. रात्री तीन ओळी लिहा: कुठं होतो, कोण होतं, त्याआधी औषध कधी घेतलं होतं. बहुतेकदा तिसऱ्या ओळीत उत्तर सापडतं: गम घरी राहिला होता, पॅच निघाला होता, गोळ्या संपून चार दिवस झाले होते. पुन्हा पुन्हा घसरत असाल तर मात्रा किंवा औषध बदलून घ्या. दिवसाला ३०-४० ओढणाऱ्यांना एक पॅच पुरत नाही असंही होतं. तिथं मात्रा वाढवायचा निर्णय डॉक्टरचा.

वजन

पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढतं. भूक उघडते, चव परत येते आणि निकोटीनमुळे जास्त जळणारी ऊर्जा आता जळत नाही. पहिले तीन महिने वजन कमी करण्याचा कडक आहार सुरू करू नका. उपाशी पोटी तलफ जास्त जोरात येते. गोड खाणं आवरा, रोज अर्धा तास चाला, वजनाचं पुढं बघता येईल. औषध चालू असेपर्यंत वजनवाढ जरा मागं रेटली जाते, हाही औषध पूर्ण मुदत घेण्याचा फायदा.

महिन्यानंतर

शरीराची भूक शांत झाल्यावरही प्रसंगांची आठवण राहते. ती रोज येत नाही, म्हणून गाफील गाठते: सहा महिन्यांनी भेटलेला जुना मित्र, अंत्यविधी, भांडण, लांबचा प्रवास. सिगारेट ओढत असल्याची स्वप्नंही पडतात आणि माणूस दचकून उठतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. प्रवासाला निघताना पाच-सहा गम खिशात ठेवा, औषधाचा कोर्स संपला असला तरी.

कोर्स १२ आठवड्यांचा असताना पाचव्या आठवड्यात ‘आता गरज वाटत नाही’ असं वाटतं. ते औषध काम करत असल्याचं लक्षण आहे. मुदत पुरी करा. त्यानंतरही कुणी काही महिने दिवसाला दोन-तीन गम घेत राहिला, तर सिगारेटकडे परत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

‘आता वयाच्या साठीत सोडून काय मिळणार?’ याचं उत्तर मोजलेलं आहे. १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सरासरी ३ वर्षं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६ आणि चाळिशीत सोडणाऱ्यांना ९ वर्षं जास्त मिळाली. हृदयविकाराचा वाढीव धोका तर वर्षभरातच साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सावकाश उतरतो, आणि कधीच न ओढणाऱ्याइतका होत नाही. म्हणून जुन्या माणसानं सोडल्यावरही डॉक्टरला आपला हिशोब सांगून ठेवावा: रोजची पाकिटं गुणिले वर्षं. २० चं एक पाकीट तीस वर्षं म्हणजे ३०. सोडल्यानंतरचा खोकला महिन्या-दीड महिन्यात कमी व्हायला हवा. तो वाढतच गेला, थुंकीत रक्त दिसलं, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला किंवा काही न करता वजन उतरू लागलं, तर त्याचं खापर सिगारेट सोडण्यावर फोडू नका. छातीचा एक्स-रे आणि तपासणी लगेच करून घ्या.